हरकत हाय!

जुना म्हणा, म्हातारा म्हणा, रस्त्यात आडवा येणारा म्हणा, मी ऐकून घेईन. पण ‘धोकादायक’ म्हणालात तर आपलं जमायचं नाही, मित्रांनो. हा शब्द एकदा माझ्या नावापुढे लागला होता. तो पुसून काढता काढता माझी एक अख्खी फांदी गेली. मी करंज आहे. शिरगावाहून पालघर स्टेशनाकडे येणारा रस्ता जिथे वळतो, तिथे डाव्या अंगाला मी उभा आहे. रिक्षावाले त्या जागेला करंजनाका म्हणतात. नाका माझ्या नावाचा आहे, मी नाक्याचा नाही, एवढं आधी डोक्यात घ्या आणि मग पुढे ऐका.

माझ्या जन्माची गोष्ट काही फार थोर नाही. मला कोणी पाहुण्यांच्या हस्ते लावलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्या शेजारी उभं राहून कुणी फोटोही काढला नाही. मी सांडलो. पुंजाराम नावाचा एक गाडीवान शिरगावच्या किनाऱ्यावरून बैलगाडीत बर्फ घातलेली मासळी भरून स्टेशनावर आणायचा. जू घासून बैलांच्या मानेला जखम झाली की तो त्यावर करंजाचं तेल चोळायचा, म्हणून घाण्यावर द्यायच्या बियांची पिशवी गाडीला टांगलेली असायची. एकदा वळणावर चाक खड्ड्यात गेलं, पिशवी उसवली आणि आम्ही सगळे मातीत. पुंजारामने बैलांचा, रस्त्याचा आणि पिशवी शिवणाऱ्या स्वतःच्या बायकोचा उद्धार करत बिया वेचल्या. एक राहिली, ती मी.

पुढे तो रोज त्याच ठिकाणी बैलांना दम खाऊ द्यायला थांबायचा, आणि गाडीतल्या बर्फाचं पाणी ठिबक ठिबक माझ्यावर पडायचं. दुसऱ्या झाडांना नदीचं पाणी मिळतं, विहिरीचं मिळतं. माझं बाळकडू म्हणजे बोंबील आणि पापलेटचं पाणी! म्हणूनच असेल, माझा स्वभाव जरा खारट आहे. पानंही कडू. येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांनी हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पुढे गेल्या. कडू असण्याचा फायदा असतो, मित्रांनो. गोड असतो तर गुडघाभर व्हायच्या आतच संपलो असतो.

वाढलो ते मात्र झपाट्याने. तेव्हा इथे दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि सावली म्हणाल तर माझीच. पुंजारामचे बैल माझ्याखाली बसले, मग सायकलवाले बसले, मग एस.टी.ची वाट बघणारे. कंडक्टर घंटी मारून ओरडायचा, "करंजवाले उतरा!" आणि माणसं खरंच उतरायची. चैत्रात माझी फुलं गळतात, पांढरी-जांभळी, इवली इवली. खाली चुरमुरे सांडल्यासारखं दिसतं. पोरं ती ओंजळीने उधळायची. कुणी माझी काडी मोडून दात घासायचा, कुणी बिया गोळा करून विकायचा, कुणी पानांचा पाला भाताच्या खाचरात दाबायला न्यायचा. मी सगळ्यांना दिलं. बढाई मारत नाही, पण त्या काळात माझी तारीफ न करता कोणी वळण ओलांडत नसे.

आणि मग नलू आली.

नवी नवरी होती. शिरगावच्या मच्छीमार घरात दिलेली, डोक्यावर मासळीची पाटी, नाकात चमकी, आणि तोंडातून आवाज निघेल तर शपथ. सासूच्या मागे मागे आली आणि माझ्या बुडाशी टेकली. गिऱ्हाईक आलं की सासूकडे बघायची. आज तिच्याकडे बघा! आता ती नलूमावशी आहे. तिचा आवाज स्टेशनाच्या पुलावर ऐकू येतो. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणते, "दादा, ह्या बोंबलाला तोंड असता तर त्यानं तुमाला शिव्या दिल्या असत्या." सासू गेली, नवरा गेला, मुलगा बोटीवर जायला लागला, सून हेतल पाटी घेऊन शेजारी बसायला लागली, पण नलूची जागा हलली नाही. माझ्या मुळाचा एक उंचवटा आहे, अगदी पाटासारखा. तो तिच्या बसण्याने गुळगुळीत झाला आहे.

तिच्या पलीकडे नवसी बसते. ती वारली बाई, डोंगराकडच्या पाड्यावरून पहिल्या एस.टी.ने येते. तिच्यापाशी जे त्या त्या दिवसांत डोंगर देईल ते असतं: कधी कंद, कधी शेवळं, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी पळसाच्या पानांच्या गड्ड्या. नवसी फार बोलत नाही. नलू दोघींचं मिळून बोलते. दुपारी नवसीची भाकरी आणि नलूचं सुकट एका पानावर येतं. दोघींकडे ना गाळा आहे ना परवाना. त्यांचं दुकान म्हणजे माझी सावली. सावली सरकली की त्या सरकतात, आणि संध्याकाळी फिरून जागेवर येतात. मी पडलो तर त्यांचं छप्पर पडलं. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि पुढे जे माझ्या मुळावर उठले त्यांनाही चांगलं माहीत होतं.

कौतुकाचे दिवस कधी संपले, सांगता येणार नाही. आधी माझ्या अंगात एक खिळा घुसला, शिकवणीच्या जाहिरातीचा. मग खोल्या भाड्याने देणाऱ्याचा. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आला, आणि मग वर्षभर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस चालूच. सणाला माझ्या अंगावर दिव्यांच्या माळा चढायच्या आणि त्यांच्या तारा तशाच राहायच्या, कातडीत रुतायच्या. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा कामगारांनी सिमेंट थेट माझ्या बुंध्याला भिडवलं, जणू मी विजेचा खांब! पाणी प्यायला बोटभर फट ठेवली नाही. नवसीने कोयत्याच्या टोकाने माझ्याभोवतीचं थोडंसं ओलं सिमेंट खरवडून काढलं म्हणून वाचलो. चहावाला उरलेलं उकळतं पाणी माझ्या पायावर ओतायचा. नलूने त्याची जी काही आरती केली, ती मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

मग माझ्या पाठीमागे चकचकीत इमारत उभी राहिली. खाली दुकानं, वर दुकानं, पुढे काचा. बांधणारे शेठ गाडीतून उतरले, समोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. त्यांच्या इमारतीची भली मोठी पाटी माझ्यामागे झाकली जात होती. आता गंमत बघा, मित्रांनो. पाटी म्हणजे दुकानाच्या नावाचा फळा आणि पाटी म्हणजे मासळीची टोपली. शेठच्या पाटीसाठी नलूची पाटी उठणार होती. भाषेला शब्द कमी पडले, पण माणसाच्या हावेला काही कमी पडलं नाही.

शहरातलं झाड असं मनात आलं की तोडता येत नाही, बरं का! त्यासाठी कायदा आहे. आधी परवानगी मागावी लागते, कारण द्यावं लागतं. मग झाडावर नोटीस लावतात आणि लोकांना विचारतात: बाबांनो, हे झाड तोडायचं म्हणतात, कोणाची हरकत आहे का? असेल तर मुदतीत कळवा. हरकत आली तर ती ऐकून घ्यावीच लागते. माणसांनी झाडासाठी केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींतली ही एक. शेठना कायदा ठाऊक होता. त्यांनी अर्जात लिहिलं: ‘झाड जीर्ण, पोकळ व धोकादायक आहे.’

पोकळ! मी! अरे, माझ्या एका ढोलीत पिंगळ्याचं कुटुंब राहतं, ती काय पोकळी झाली? तुमच्या घरात खोल्या नसतात?

नोटीस आली. बायका पाट्या उचलून घरी गेल्यावर लावली. झाडं वाचवायच्या कायद्याची नोटीस, आणि लावली कशाने? खिळ्याने! ठाक ठाक, माझ्याच छातीत. असो. मला वाटलं, आता नलू वाचेल, हेतल वाचेल, बोंबाबोंब होईल. पण त्याच रात्री शेठची माणसं आली आणि नोटिशीवर बरोबर एक फ्लेक्स ताणून बांधला. त्यावर हात जोडलेली, दात दाखवणारी माणसं. आता सांगा, फ्लेक्स फाडून मागे काय आहे ते कोण बघतं? वाऱ्याने तो फडफडायचा आणि मागे तो कागद माझ्या अंगाला घासायचा. मी मुदतीचा एक एक दिवस अंगावर मोजत होतो आणि खाली नलू गिऱ्हाइकाशी मांदेलीच्या वाट्यावरून हुज्जत घालत होती. ती मेली माझ्याच सावलीत बसून माझ्याच मरणावर पाठ टेकून होती! इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. नगरपरिषदेच्या कचेरीतून पाहणी करायला प्रदीप नावाचा तरुण आला. सरळ मुलगा, पण कामाच्या गडबडीत. मोबाइल काढला आणि खाली बसलेल्या नलूला म्हणाला, "मावशी, झाडाचे फोटो काढतो जरा. काही हरकत?"

नलू पडली बोलकी आणि पाहुणचाराची. मासळीवरून हात न उचलता म्हणाली, "हरकत नाय रं बाबा, काढ की! फोटोनं झाड काय कमी होतं? माजा पण काढ."

प्रदीपने तिचाही फोटो काढला, आणि कागदावर लिहिलं: ‘खाली बसणाऱ्या विक्रेत्यांना विचारले. हरकत नाही.’

बघा मराठी बाईचा स्वभाव! कोणी पाणी मागितलं, हरकत नाय. कोणी जरा सरकायला सांगितलं, हरकत नाय. उधारीवर सुरमई नेली, हरकत नाय. हे दोन शब्द तिने जन्मभर ‘ये, बस, आपलंच आहे’ अशा अर्थाने वापरले होते. कागदावर त्याच दोन शब्दांनी माझी मान कापली जाणार होती, हे तिला कुठून कळावं?

पाऊस सरून नुकतं ऊन पडायला लागलं होतं. बोटी समुद्रात गेल्या होत्या, ताज्या मासळीने पाट्या भरल्या होत्या, करंजनाक्यावर नुसती झुंबड. आणि टेम्पोतून कटर मशीन आली. बोईसरहून आलेले दोन कामगार दोर घेऊन माझ्या खांद्यावर चढले. मुकादम खालून हातवारे करत होता. नलू ओरडली, "ओ, काय चाललंय? छाटनी काय? तारेला लागलेली तेवडीच काडा!" तेवढ्यात मशीन सुरू झाली आणि रस्त्याकडची, बस थांब्यावर सावली धरणारी माझी फांदी, माझी सगळ्यात लांब फांदी, खांद्यापासून चिरली गेली. दुखलं. खोटं कशाला सांगू, दुखलं. पानांसकट ती रस्त्यावर आदळली तेव्हा लोक दोन्हीकडे पळाले आणि धूळ उडाली. ढोलीतले पिंगळे भर उजेडात बाहेर पडले आणि आंधळ्यासारखे भिरभिरले.

नलू उभी राहिली. कमरेला पदर खोचला. "थांबवा! कोन बोलला तुमाला तोडायला?"

मुकादमाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि हसत म्हणाला, "परवानगी आहे मावशी. आणि तुम्हीच बोललात ना, हरकत नाही? इथे लिहिलंय बघा."

हेतलने कागद हातात घेतला आणि वाचला. "आई, खरंच लिहिलंय. विक्रेत्यांना विचारलं, हरकत नाही, असं."

नलूला आधी कळेचना. मग तो फोटोवाला पोरगा आठवला. तिचा चेहरा असा झाला की मला माझी फांदी विसरायला झालं. "मी?" ती म्हणाली. "मी ते फोटोला बोलले रं! झाडाला नाय बोलले! मी माज्या तोंडानं माज्या करंजाला..."  माझा तिच्यावरचा सगळा राग तिथेच गळून पडला. नलू रडायची नाही कधी. नवरा गेला तेव्हाही बाहेर येऊन बसली होती आणि सुकट विकलं होतं. पण तेव्हा ती माझ्या बुंध्याला हात लावून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

वरचा कामगार म्हणाला, "माताजी, हट जाइए, दूसरी डाल गिरेगी।"

हटली नाही. पण ती काही बोलायच्या आत नवसी उठली. जी नवसी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, तिने आपली शेवग्याची टोपली उचलली आणि माझ्या बुडाशी, बरोबर फांदीखाली, नेऊन ठेवली. टोपलीशेजारी मांडी ठोकली आणि मुकादमाला म्हणाली, "आमचे डोंगरात काडी तोडली तं फॉरेस्टवाला धावत येतं, बोलतं, कोनाला विचारून तोडली? आता तू सांग. तू कोनाला विचारलास?"

"कागद आहे ना," मुकादम म्हणाला.

"कागदाला नाय. मला विचारलास का?"

मग काय! नलूने डोळे पुसले आणि आपली पाटी तिच्या शेजारी आपटली. हेतलने आपली. पलीकडच्या कोळंबीवाल्या बायका, फुलवाली, एक एक करत सगळ्यांनी पाट्या आणून माझ्याभोवती मांडल्या. मासळीच्या पाण्याचा ओघळ माझ्या मुळांपर्यंत आला. वरचे कामगार एकमेकांकडे बघायला लागले. एकाने मशीन बंद केली आणि मुकादमाला सांगितलं, "साहब, नीचे औरतें हैं, मैं नहीं काटूँगा।" तो फांदीवरच बसून राहिला, आणि थोड्या वेळाने बायकांनी त्याला खालून पाणी दिलं.

हेतलला तेवढ्यात काहीतरी सुचलं. तिने फ्लेक्सचा दोर सोडला. दात दाखवणारी माणसं घरंगळत खाली आली आणि मागे ओलसर, सुरकुतलेली नोटीस खिळ्यावर लटकलेली दिसली. हेतलने तिचा फोटो काढला, फ्लेक्सचा काढला, कापलेल्या फांदीचा काढला आणि कचेरीत फोन लावला. "मॅडम, नोटीस लावली होती, पण कोणाला दिसू नये अशी लावली होती. ही कसली विचारणा?" झाडांचं काम बघणाऱ्या चंद्रकांता मॅडमनी काम थांबवायला सांगितलं. म्हणाल्या, लेखी हरकत द्या, सुनावणी घेते. हेतलने तिथेच, मासळी गुंडाळायच्या कागदावर मसुदा केला, मग कोऱ्या कागदावर नीट लिहिला. ज्यांना येत होतं त्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे. अंगठ्यांना खवले चिकटलेले होते, कागद चमकत होता.

सुनावणी कचेरीत ठेवली तर नलूने निरोप पाठवला, "ज्याला कापायचा हाय, त्याच्यासमोर बोला. त्याच्या पाठीमागं मी बोलनार नाय." आणि ऐका नवल, मॅडम आल्या. शेठ आले, मुकादम आला, प्रदीप आला. माझ्याखाली खुर्च्या मांडल्या. सगळा करंजनाका जमला. चंद्रकांता मॅडम शिष्टाचाराच्या. खुर्ची ओढत म्हणाल्या, "मावशी, मी इथे बसले तर हरकत नाही ना?"

"हरकत हाय!" नलू गरजली.

सगळे चपापले. मॅडमचा हात खुर्चीवरच राहिला.

"बसा तुमी, खुशाल बसा," नलू म्हणाली, "पन हरकत नाय असा मी आता बोलनार नाय. एकदा बोलले, त्याचा काय झाला ते वर बगा." आणि तिने माझ्या तुटक्या खांद्याकडे बोट दाखवलं. लोक हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. वर बघितलं, आणि मग त्या पूर्ण वेळ उभ्याच राहिल्या.

शेठ म्हणाले, झाड पोकळ आहे, कधीही कोसळेल, माणसं मरतील, मला लोकांची काळजी आहे. मुदत संपली, हरकत आली नव्हती, कायद्याने सगळं बरोबर आहे. नलू मध्येच म्हणाली, "एवडी काळजी हाय तं पहिली ती नोटीस कशाला झाकलीव? माज्या घरी चोर आला तं मी बोंबलते. तुमी तं बोंबलनारीचं तोंडच बांधलंव!"

मॅडमनी प्रदीपला पुढे बोलावलं. "तू यांना नेमकं काय विचारलं होतंस?"

प्रदीप खाली बघत होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. शेठ त्याच्याकडेच बघत होते. "मॅडम," तो म्हणाला, "मी विचारलं, फोटो काढतो, काही हरकत? झाड तोडायचंय हे मी बोललोच नाही. मी समजलो, नोटीस वाचली असेल."

"मग ते ‘हरकत नाही’ फक्त फोटोला होतं. झाडाचं यांना कोणी विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्या बरोबरच्या माणसाने माझ्या बुंध्यावर हातोडीने ठोकून बघितलं, वरून, खालून, चहूबाजूंनी. मी श्वास रोखून उभा होतो. ठोक बाबा, हवं तिथे ठोक! एक ढोली सोडली तर मी खोडापासून मुळापर्यंत भरलेला होतो. मॅडमनी माझ्यासमोर सांगितलं: झाकलेली नोटीस ही नोटीस नव्हे, म्हणून मुदत सुरूच झाली नाही. झाड धोकादायक नाही. तोडायची परवानगी रद्द. कापलेल्या फांदीची जबाबदारी शेठवर. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करायची. आणि नोटीस यापुढे सुतळीने बांधायची, खिळ्याने नाही.

बायकांनी जो गलका केला! "हरकत हाय, हरकत हाय!" असं ओरडत त्या नाचल्या. त्या दिवसापासून नाक्यावर कोणी कोणाला हरकत नाही म्हणत नाही. चहा घेणार का विचारलं तरी उत्तर येतं, हरकत हाय, पण आण.

इथे माझी गोष्ट संपवली असती. पण राहवत नाही, कारण सांगायचं ते पुढेच आहे.

कार्तिक लागला. माझ्यासमोर रस्ता ओलांडून जरा पुढे एक सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, आहे. उंच, सरळ, एकटी. लोक म्हणतात तिच्यावर भूत आहे. तिच्याखालून लोक भरभर चालतात, कुणी टेकत नाही, पोरं खेळत नाहीत. या दिवसांत ती फुलते तेव्हा तिचा असा उग्र वास सुटतो की डोकं धरतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा इतकी वर्षं तिला शेजारीण म्हणून कधी मानलं नव्हतं. तिच्यावरही नोटीस आली. सुतळीने बांधलेली, सगळ्यांना दिसेल अशी, सगळं अगदी कायद्याने. लोकांनी थांबून वाचली आणि पुढे गेले.

मुदत संपत आली तेव्हा प्रदीप नलूपाशी येऊन उकिडवा बसला. आता तो येताजाता तिच्याकडे थांबतो. "मावशी, एकही हरकत आली नाही. मी या वेळी नीट विचारलं सगळ्यांना. म्हणतात, भुताचं झाड, जाऊ दे. तिच्याखाली कोणी बसतच नाही, मग हरकत घेणार कोण?"

नलूने एकदा सातविणीकडे बघितलं आणि पाटी आवरायला घेतली. मला तिची भीती माहीत आहे. नवरी होती तेव्हा सासूने बजावलं होतं, त्या झाडाखालून केस मोकळे ठेवून जायचं नाही. एवढी जबर बाई, पण आजही ती तिथून जाताना अंबाड्याला हात लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षातून उतरली, पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे आलीच नाही. सरळ रस्ता ओलांडला. मी बघत राहिलो. तिने सातविणीखाली फडकं टाकलं, पाटी उतरवली, अंबाडा चाचपला आणि वर बघून म्हणाली, "भूत असशील तं बोंबील खा आनि गप बस." मग बसली. माझ्याकडे पाठ करून!

मला राग आला. जिच्यासाठी मी एवढी वर्षं ऊन झेललं, ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या सावलीत बसली होती, आणि ती सावली तरी कसली, विरळ आणि वासाची! मी दोन पानं खाली टाकली. कोणी बघितलं नाही. मग नवसी उठली आणि टोपली घेऊन तिकडे गेली. नवसीच्या पाड्यावर त्या झाडाची साल तापावर उगाळून देतात, तिला भुताचं काय. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे गेलं, मग आणखी एक. दुपारच्या आत नलूचा आवाज आला, स्टेशनाच्या पुलावर ऐकू जाईल असा, "हेतल, कागद आन गं! लिही, आमी ह्या झाडाखाली बसतो. आमची हरकत हाय!"

माझा राग गेला, मित्रांनो. गेला म्हणजे काय, लाज वाटली.

तर ऐका. मी तुम्हाला झाडं लावा म्हणून सांगणार नाही, ते तुम्हाला शाळेत सांगतात. कायदा चांगला आहे, पण तो येऊन एकच गोष्ट विचारतो: या झाडाचं कोण आहे? आणि तेव्हा खाली कोणी नसेल तर कागदावर ‘हरकत नाही’ असं लिहिलं जातं. म्हणून तुमच्या गल्लीत, शाळेच्या वाटेवर, जे कोणाचंच नाही असं झाड असेल, वाकडं असेल, काटेरी असेल, भुताचं असेल, त्याच्याखाली जाऊन बसा. डबा तिथे खा. भांडायचं असेल तर तिथे भांडा. उद्या कोणी विचारायला आलं तर तुम्ही तिथे असला पाहिजेत. आणि जो तुम्हाला ‘हे झाड धोकादायक आहे’ म्हणेल, त्याला आधी विचारा, कोणाला?

सातवीण उभी आहे. माझ्या बुडाशी नलूची जागा रिकामी आहे, ती मी कोणाला देत नाही. आणि मासळीच्या वासात उभा जन्म काढलेली ती बाई समोर सातविणीखाली बसली आहे, फुलांच्या वासाने नाकाला पदर लावून, पण बसली आहे.